छत्रीवाला सहदेव आणि अकराचं ऊन

आमच्या वरवट बकाल गावात टीव्हीची छत्री बसवायची असली की सहदेवला बोलावतात. वय पंचावन्नच्या घरात. कमरेला एक पाना, खिशात काळी चिकटपट्टी. सिग्नल मोजायचं यंत्र त्याच्याकडे नाही. मी बत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलल्या. दुसऱ्याची मेहनत मला सहजासहजी मोठी वाटत नाही. सहदेवची वाटली. का, ते लिहितो.

माझ्या शेजारी अंबूबाई राहतात. एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या. अंगणात चिंचेचं मोठं झाड. शेळ्या त्याच्याखाली, बाज त्याच्याखाली, येणारं-जाणारं माणूसही तिथंच टेकतं. पलीकडे शालिग्रामचं स्लॅबचं घर. उन्हाळ्यापासून शालिग्रामच्या टीव्हीवर चित्र फुटायचं, सगळे चौकोन चौकोन व्हायचे, मग नुसता निळा पडदा. त्याने बॉक्स बदलला, वायर बदलली. शेवटी तालुक्याहून मेकॅनिक आणला. तो जिनासुद्धा चढला नाही. खालूनच चिंचेकडे बोट दाखवलं आणि गेला. चिंचेला नवी पालवी फुटली ती वैशाखात, चित्र गेलं तेही वैशाखात. शालिग्रामला तेवढं पुरलं.

शालिग्राम वाईट माणूस नाही. अंबूबाई आजारी पडल्या तेव्हा यानेच त्यांना दवाखान्यात नेलं होतं. म्हणून त्याने झाड तोडायची गोष्ट काढली तेव्हा त्यांच्या तोंडून नकार निघाला नाही. "तोड बाबा," म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. लाकूडतोडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे ठरले.

दसऱ्याच्या सकाळी मी सहदेवला घेऊन शालिग्रामच्या स्लॅबवर चढलो. त्याने आधी वायरचं प्रत्येक टोक काढून पाहिलं, पुसलं, परत लावलं. दोष तिथं नव्हता.

"सहदेवभाऊ, सणावाराची काऊन तकलीफ घेता?" शालिग्राम म्हणाला. "झाड दिसून राह्यलं ना समोर. आंधळाबी सांगीन."

"आंधळा सांगीन, मी नाई सांगत," सहदेव म्हणाला. "सूर्याले विचारू. अकराच्या आत येते तो."

"आन् तोपर्यंत?"

"तोपर्यंत वहिनीले चहा ठेवा म्हना."

सहदेव आधी विहिरी खोदायचा. चाळीस हात खाली, वर भाकरीएवढं आभाळ. कोणत्या महिन्यात ऊन कोणत्या दगडाला केव्हा लागतं, यावर खोदणाऱ्यांची जेवणाची सुट्टी ठरायची. पुढे गुडघे गेले, तेव्हा तो छत्र्या बसवायला लागला. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दिवशी त्याला सात घरांतून फोन आले, सगळे अकराच्या सुमारास. सायकल हाणत प्रत्येक घरी पोचला, तर टीव्ही आपोआप सुरू झालेला. लोक हसले. "सहदेवच्या धाकानंच चालू होते," म्हणाले.

तो हसला नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आपल्या छत्रीजवळ बसून राहिला. शिमग्याच्या आगेमागे पुन्हा तसंच झालं, तेव्हाही बसला. आठ वर्षं बसला. भिंतीवर कोळशाच्या रेघा मारत गेला. त्या रेघा मी पाहिल्या आहेत. त्यावरून त्याला कळलं की वर्षातून दोनदा, चार-सहा दिवस, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्याच्या झोतात उपग्रहाचा सिग्नल बुडतो आणि आठ-दहा मिनिटं गावातले सगळे टीव्ही जातात. छत्तीस हजार किलोमीटरवरची ती वस्तू कुणाला दिसत नाही. या दिवसांत, या मिनिटांना, सहदेव तिच्याकडे बोट दाखवू शकतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. दसरा तिथीप्रमाणे मागेपुढे होतो, सूर्य होत नाही. यंदा दोन्ही जुळले होते.

अंबूबाईंची छत्री घराच्या टिनाच्या छपरावर, चिंचेच्या दुसऱ्या अंगाला. त्यांचा टीव्ही चांगला चालायचा. सहदेवने त्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. अकराला आठ-दहा मिनिटं असताना त्यांचा आवाज आला, "गेलं रे! चित्र गेलं!"

सहदेव उठला. "शालिग्रामभाऊ, चिंचीची सावली पाहा. कुठं हाय?"

सावली कठड्यावर होती. छत्रीपासून चांगली हातभर दूर. छत्री पुरी उन्हात होती.

"सूर्य आता जिथं हाय, तिथंच उपग्रह हाय. झाड मधात असतं तं छत्रीवर सावली पडली असती."

सहदेवने तांब्याभर पाणी छत्रीवर फेकलं. ओला पत्रा चमकला आणि उन्हाचा एक झळझळीत ठिपका उमटला. छत्रीसमोरच्या दांडीच्या टोकाला सिग्नल धरणारा डोळा असतो, ठिपका त्याच्यावर पडायला हवा होता. तो चार बोटं बाजूला पडला होता. सहदेवने छत्रीच्या काठावरून हात फिरवला. एका जागी रंग घासला गेला होता.

"इथं दोर कोनं बांधला होता?"

शालिग्रामची बायको गीताबाई चहा घेऊन वर आली होती. ती कप हातात घेऊन तशीच थांबली. "कुरडया वाळू घातल्या होत्या ना म्या. कावळे येत होते, म्हनून वरतून छत्रीले दोर लावून लुगडं बांधलं. वाऱ्यानं लय फुगत होतं ते."

"घ्या!" शालिग्राम म्हणाला. "म्हंजे तुह्या कुरडयांनं टीव्ही घालवला."

"आन् खाल्ल्या कोनं? तुमीच ना?"

सहदेवचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्याने तीन नट ढिले केले, तळहाताने छत्रीचा काठ रेटला. ठिपका सरकला. थांबला. पुन्हा केसभर सरकला आणि डोळ्यावर येऊन बसला. मग नट आवळले, एकदम नाही, प्रत्येकाला पाव फेरा, पुन्हा पहिल्यापासून. या सबंध वेळात त्याने टीव्हीचा पडदा पाहिला नाही, आणि पाहून उपयोगही नव्हता. गावात कुठेच चित्र नव्हतं. फोन दोनदा वाजला. "दहा मिनिटं थांब भाऊ, सूर्य मधात हाय," एवढंच तो बोलला.

गीताबाई खाली जाऊन टीव्हीसमोर बसली. आम्ही वर उभे होतो. जन्मभर मी वजन उचललं, ते डोळ्यांना दिसणारं होतं.

"आलं!" अंबूबाई ओरडल्या. लगेच खालून गीताबाई, "आमचंबी आलं! आरशासारखं!"

शालिग्रामने तिथूनच लाकूडतोड्यांना फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं. मग कठड्यावरून वाकला. "काकू, चिंच नाई तोडत. चूक आमचीच होती."

अंबूबाई अंगणात आल्या. वर पाहून म्हणाल्या, "मंग त्याले अगुदरच काऊन नाई बोलावलं बे?"



दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी सहदेव पुन्हा आला. कुणी बोलावलं नव्हतं. स्लॅबवर चढला, छत्रीवर पाणी फेकलं, ठिपका जागेवर आहे की नाही ते पाहिलं, एक नट पाव फेरा आवळला. गीताबाई चहाला थांबा म्हणाली. तो थांबला नाही. सूर्य उपग्रहामागे आहे तेवढ्या मिनिटांत त्याला आणखी एक छत्री पाहायची होती.