मी तिला उठू दिलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. भावाला नाही, पोरीला नाही — आणि जिला सांगायला पाहिजे, तिला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जमतंय बहुतेक.

माझी बायको शालन. माहेर चितेगावचं. मी शेंद्र्याला कंपनीत, ती घरी शिलाई मशीनवर. ब्लाउज शिवून तिनं पोरगी शिकवली — माझ्या पगारात ते झालं नसतं, हे तरी खरं बोलतो.

गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मशीनवर बसल्या बसल्या तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला. मी रिक्षात घालून लगेच दवाखान्यात नेलं. लकवा, पण जीव वाचला. लोक अजून त्याची शाबासकी देतात. आणि मी घेतो.

घरी सोडायच्या दिवशी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी — रोज उठवून बसवा, धरून चालवा, उजव्या हाताला काम द्या. सुरुवातीचे महिनेच मोलाचे. मला सगळं कळलं. कळलं नाही म्हणायची सोयच नाही.

शालननं खाटेवरून जड जिभेनं विचारलं, "काय म्हणल्या?"

"आराम," मी म्हणालो. "अजिबात हलायचं नाय."

का म्हणालो? — सांगतो. आधी तिचं ऐका.

सारा पावसाळा ती पडून राहिली. पाणी घ्यायला उठू लागली तरी मी ओरडायचो. हात छातीशी आखडला, बोटं मुठीत मिटली. शेवटी दुखणं सोसेना, तेव्हा तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडं दाखवायला नेलं. बाई चिडल्या — "चालवलंच नाही का?"

मी फरशीकडं बघत होतो. शालननं माझ्याकडं पाहिलं. एकच नजर. मग म्हणाली, "मीच कंटाळा केला, ताई. आता मला सांगा. मराठीतून सांगा."

आणि काय काय विचारलं तिनं! बरं वाटलं की बीपीची गोळी सोडायची का? दुखलं तर थांबायचं का? पडले तर कसं उठायचं? मला हे एकदा तरी सुचलं होतं का?

त्याच दिवशी भिंत धरून ती दारापर्यंत गेली. मग ओट्यापर्यंत, नळापर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत. पाय बाहेर फेकत चालायची. पोरं तिची नक्कल करायची, तर हसून म्हणायची, "आसं नाय रे, आजून फेक पाय!" मी घरात लाजेनं मरत होतो, ती उन्हात घाम पुसत चालत होती. आज ती एकटी विहारात वंदनेला जाते. कुणाला लकवा झाल्याचं कळलं की त्या घरी जाते — "पडून राहू नका. डॉक्टरला सवता इचारा." एवढ्या हिमतीचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बोटं मात्र उघडली नाहीत. सुई धरवत नाही. आधीपासून हलवली असती तर? बाई म्हणाल्या, सुधारली असती कदाचित. मशीन आम्ही विकलं.

मागच्या महिन्यात ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मी दारात होतो, तिला दिसलो नाही. "तुझे दाजी भ्याले व्हते गं, मी पडीन म्हणून. लई माया म्हणून तसं बोलले."

भ्यालो नव्हतो मी. ती पडून असली की मला बिनघोर कामावर जाता यायचं. आणि पाय ओढत चालणारी बायको गल्लीला दिसू नये, असं वाटायचं — तिला नाही, मला.

मी चपला काढल्या, आत गेलो, आणि तिनं डाव्या हातानं दिलेला चहा घेतला.