फक्कीने आखलेलं घर

शनिवारी आदिलाबादच्या आमच्या साइटवर एक प्रयोग केला… फ्लॅटचा नकाशा कागदावर न दाखवता चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखला, अगदी खऱ्या मापात. भिंती म्हणजे पांढऱ्या रेघा, आणि दार म्हणजे रेघेतली मोकळी जागा.

मी आर्किटेक्ट. ही तीन मजली, बिनलिफ्टची इमारत पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे एकेक फूट वाचवता वाचवता जीव मेटाकुटीला आलेला. या रेघांमध्ये माणसं कशी वावरतात ते मला बघायचं होतं, म्हणून बुकिंग केलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं.

आणि काय सांगू… एकही माणूस भिंतीतून गेला नाही! सगळे शहाण्यासारखे दारातून आत, दारातून बाहेर. एक मास्तर तर बाथरूममध्ये शिरले आणि सगळे बघताहेत म्हणून लाजून बाहेर आले.

रुक्माबाई मात्र हॉलमध्ये उकिडव्या बसून वितीने जमीन मोजत होत्या. त्या आणि त्यांचे यजमान बाजारात भाजी विकतात. लग्नापासून भाड्याच्या सात खोल्या बदलल्यावर आता कुठे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केलेला.

मोजून झालं तशा त्या उठल्या. "ताई, घर बेस हाय. पन आमचं बुकिंग वापस करा."

"काऊन हो?" मी आपसूक त्यांच्याच बोलीत विचारलं.

"माही भाजी कुठी झोपन?"

त्यांचा दीर जैनथच्या शेतातून रोज संध्याकाळी ऑटोत मेथी-पालक पाठवतो. धुऊन, जुड्या बांधून ती भाजी रात्रभर अंगणात ओल्या पोत्याखाली राहते आणि पहाटे बाजारात जाते. दोन जिने चढवून ती हॉलमध्ये ठेवली, तर माणसांनी पाय कुठे पसरायचे?

फॉर्ममध्ये मी सगळं विचारलं होतं… माणसं किती, देवघर हवं का, फ्रिज केवढा. तुमच्याबरोबर रोज घरी काय येतं, एवढं मात्र विचारायचं सुचलं नाही. स्वतःचाच भयंकर राग आला.

रुक्माबाई तोवर पार्किंगच्या चौकोनांपाशी पोचल्या होत्या. "हे कायचे खन हायेत?" मी म्हटलं, कार ठेवायला, प्रत्येक फ्लॅटला एक.

"आमाले कुठी हाय कार? मंग आमच्या वाट्याचा भाजीले द्या ना."

हात्तिच्या! इतकं सोपं होतं. मी लगेच बिल्डरला गाठलं… तिथे एक नळ, पाणी वाहून जायला उतार आणि जाळीचं दार हवं.

तो आधी तेलुगूत कुरकुरला. मग माझी खोड मोडायला त्याने सगळ्यांना हिंदीत विचारलं, कार किस किस के पास है? एकच हात वर झाला… त्याचा स्वतःचा. शेवटी त्यालाही हसू आवरेना, म्हणाला, लगा देते मॅडम.

रुक्माबाईंनी जरा विचार केला. "ऱ्हाऊ द्या मंग बुकिंग."

आणि त्या पुन्हा त्या आखलेल्या घराकडे गेल्या. दाराच्या मोकळ्या जागेबाहेर त्यांनी चपला काढल्या, आणि मगच आत पाऊल टाकलं.

इतकी वर्षं नकाशे काढतेय… पण माझ्या नकाशाला कुणी घर मानताना पहिल्यांदाच पाहिलं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? मीही बूट काढले आणि त्यांना विचारलं, आत येऊ का?