हार चढलेला फोटो

हे मी आजवर बायकोलेही सांगतलं नाही. तुले सांगून राह्यलो — काहून, ते मलेच माहीत नाही. बसल्या जागी चैन पडत नाही. उठतो, पाणी पितो, पुन्हा येऊन बसतो.

माहं काम तुले ठाऊकच आहे. लग्नाचं लाइव्ह करतो. वाशीम, मंगरूळपीर, जिथं बोलावलं तिथं. कॅमेरे बदलायचा मिक्सर अन् एक लॅपटॉप माह्याजवळ, अन् बाजूच्या लॅपटॉपवर वैशाली असायची. पडद्यावरच्या नावाच्या पट्ट्या, फोटो — सारं तिच्याकडं. पोरगी आसेगावची. लय हुशार. पुढं स्वतःचं युनिट टाकीन म्हणायची. तिच्या बापानं मोठ्या मुश्किलीनं पाठवली होती. "भाऊ, तुमच्या भरोशावर," असं म्हणे. कोणाले? मले!

दोघाईच्या लॅपटॉपमधे फोल्डर एकच. तिथं टाकलेला फोटो दोघाईलेही दिसते. अन् आमच्या इकडं मंगलाष्टकाआधी घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवतात — हार, समई, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्या लग्नात नवरीचे आजोबा वारलेले. वैशालीनं त्याईचं श्रद्धांजलीचं पान सकाळीच बनवून, चालवून पाह्यलं. ते पान फोल्डरातून ‘आजोबा’ नावाचा फोटो आपोआप उचलत होतं. मंग ती मले म्हणे, "भाऊ, आता फोल्डरले हात लावू नका."

लावला नं मी! नवरदेवाचा मामा डोक्यावर येऊन बसला — सत्काराले नवरदेवाच्या आजोबाचा फोटो पाह्यजे, आत्ताच पाह्यजे. त्यानं मोबाइलवर पाठवला. मी त्याले ‘आजोबा’ नाव देलं अन् फोल्डरात टाकला. कम्प्युटरनं इचारलं, याच नावाची फाइल आहे, बदलू का? मी वाचलंच नाही. होय दाबलं. एका लग्नात आजोबा दोन असतात, हे मले समजत नव्हतं का? समजत होतं. पण न पाहता होय दाबायची सवय झाली होती.

पडद्यावर नवरदेवाचे आजोबा आले. हार चढलेले. अन् तेच आजोबा समोरच्या सोफ्यावर फेटा बांधून बसलेले.

मांडवात काय झालं असन, तूच समज. नवरदेवाची आजी रडाले लागली — "अपशकुन झाला वो!" लोक खुर्च्यांवरून उठले. आमच्या युनिटचा मालक धावत आला. "कोणी केलं हे?"

वैशाली लॅपटॉपवरून उठली. माह्याकडं पाहून म्हणे, "मी फोटो बदलला नाही, भाऊ. तुमी सांगा नं त्याईले."

अन् मी — मी म्हणालो, "मी तं कॅमेऱ्याकडं पाहत होतो. पट्ट्या-फोटो तिचं काम आहे."

बस, एवढंच. खोटं शोधावंही नाही लागलं, तोंडात तयारच होतं. तेवढ्यात ते आजोबा स्वतः उठून आले. "अरे, मी जिता आहो नं! पोरीले काहून बोलता?" ज्याचा अपमान झाला, त्यानं तिची बाजू घेतली. मी खाली मान घालून वायरी गुंडाळत राह्यलो.

मालकानं तिले तिथूनच घरी पाठवलं. बापानं काम बंद केलं, अन् पुढं लगीन लावून देलं. शेलूबाजारात तिचं सासर आहे. तिकडची ऑर्डर आली का मी काही तरी सांगून दुसऱ्याले पाठवतो.

कशाची भीती होती मले? मालकाची? नोकरीची? सारी कारणं लावून पाह्यली — एकही पुरत नाही.

अन् आता सांगतो ते त्याहून वाईट. तो किस्सा आमच्या धंद्यात फेमस झाला. जेवाले बसलो का कोणी तरी म्हणते, भाऊ, जित्या माणसाले हार चढवल्याचं सांगा नं. मी सांगतो. रंगवून सांगतो, आजीचा आवाजही काढतो. सारे पोट धरून हसतात. परवाच्या लग्नातही सांगतला. नाव वैशालीचंच घेतलं.