वीस मिनिटांनी दुसरा फोटो

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पाठीचे पट्टे बनवतात. वाढत्या वयात ज्या पोरांचा कणा वाकायला लागतो, त्यांना काखेपासून कमरेखालपर्यंत घालायचा कडक प्लास्टिकचा पट्टा असतो, तो. आधी ते बॅगा दुरुस्त करायचे. एकदा एक डॉक्टर तुटक्या बकलाचा असाच पट्टा घेऊन आले. भावजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बकल लावून देतो, पण हा बनवणाऱ्याने त्या पोराच्या पाठीला कधी हात लावलेला नाही." डॉक्टर चिडले नाहीत, उलट त्यांनीच भावजींना हे काम शिकायला पाठवलं. त्याला एकवीस वर्षं झाली.

माणूस तिरसट. माझ्या विहीणबाईंना पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमचा डावा खांदा उतरलाय." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! पण कामाला बसले की वेगळाच माणूस. घराच्या मागच्या खोलीत त्यांची भट्टी, भिंतीला ओळीने लावलेले प्लास्टरचे साचे, आणि सगळीकडे तापल्या प्लास्टिकचा वास. पोरं तिथे रडत यायची आणि बकलाचा रंग निवडून जायची.

पट्टा दिला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. संध्याकाळी पट्टा काढला की पाठीवर लाल वळ दिसतात. आईने तेव्हा एक फोटो काढायचा आणि वीस मिनिटांनी दुसरा. वळ गेले तर ठीक. नाही गेले तर पट्टा तिथे टोचतोय. मग भावजी फोटोवर गोल काढून परत पाठवायचे, "पट्टा इथे आतून एवढा घासून घ्या." लांबलांबच्या गावांहून असे फोटो यायचे. वाढीचं एखादं वर्षच हाताशी असतं. ते गेलं की पट्टा नुसतं ओझं.

मग तो कायदा आला. आपले मेसेज कुलूपबंद असतात, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणी वाचू शकत नाही. सरकार म्हणालं, कुलूप राहू द्या, फक्त लावण्याआधी आमचं यंत्र तुमच्याच फोनमध्ये डोकावेल. मुलांचे उघडे फोटो कुणी पाठवतंय का ते बघायला, लहान मुलांच्या रक्षणासाठी. आता यात वाईट काय? मी तर कायद्याच्या बाजूने सह्यांचा कागद घेऊन इमारतभर फिरले. भावजींसमोर धरला, तर त्यांनी हातही लावला नाही.

"वहिनी, यंत्राला पाठ दिसेल. पट्टा दिसणार नाही."

"पुरे झालं! कर नाही त्याला डर कशाला? तुम्हाला काय लपवायचंय?"

हे मी म्हटलं. याच तोंडाने.

नगरपालिकेच्या सभागृहात कायद्यावर जाहीर सुनावणी झाली, तिथे ते उभे राहिले आणि दोन फोटोंची सगळी पद्धत सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "याच्याकडे उघड्या पोरांचे फोटो आहेत म्हणे." पाच-सहा जण हसले. मी खाली मान घालून बसले. ते माझे दीर आहेत हे शेजारच्या बाईला सांगितलं नाही.

कायदा लागू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात दोन साहेब दारात आले. आठ तासांवरच्या गावात बारा वर्षांची एक मुलगी होती, तिच्या फोटोवर गोल काढून भावजी उत्तर पाठवत होते, तेच यंत्राने अडवलं होतं. फोन जप्त, खातं बंद, मागच्या खोलीला सील. चौकशी संपेपर्यंत कुठल्याही मुलाच्या घरी संपर्क करायचा नाही, असं लिहून घेतलं. भावजींनी डॉक्टरांचा कागद दाखवला. साहेब म्हणाले, "तो तिकडे दाखवा." तिकडे म्हणजे कुठे, ते देवाला ठाऊक.

चार महिने हा माणूस स्वयंपाकघरात बसून माझे लसूण सोलत होता. जिन्यात बायका आपली पोरं आमच्या दाराजवळून हात धरून न्यायच्या. ज्यांच्या पोरांच्या पाठी यांनी सरळ केल्या, त्याही! मेल्यांना लाज कशी नाही वाटली? पण मला तरी कुठे वाटली होती?

मी उठले आणि दुसरा कागद केला, कायद्याच्या विरोधात. तीच इमारत, तीच दारं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार अर्धवट उघडून विचारलं, "कर नाही त्याला डर कशाला हो?" माझंच वाक्य, कप्पाळ! तरी पायऱ्या झिजवल्या, चौकातल्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडले. दोनशे अकरा सह्या झाल्या. कायदा जिथल्या तिथे राहिला.

गेल्या मंगळवारी फोन परत मिळाला, खातंही पुन्हा उघडलं. सोबत चिठ्ठी होती, "आक्षेपार्ह काही आढळले नाही." बस, एवढंच. भावजींनी तो टेबलावर ठेवून चालू केला आणि चार महिन्यांचे मेसेज एकामागून एक पडायला लागले.

त्या मुलीच्या आईचे होते. वळ जात नाहीत. कातडं सोललंय, काय करू? दादा, उत्तर द्या. मोठ्या दवाखान्यात तीन महिन्यांनंतरची तारीख दिलीय. मग बरेच दिवस काही नाही. शेवटचा मेसेज दहा दिवसांपूर्वीचा, आईच्या फोनवरून मुलीनेच लिहिलेला.

"काका, दुखायचं म्हणून मी पट्टा काढून ठेवायचे. आई म्हणते माझ्यामुळेच ऑपरेशन करायला लागतंय. खरं का?"

भावजींनी तिचा चार महिन्यांपूर्वीचा फोटो उघडला. उजव्या बरगडीवर बोटाने गोल काढला. दोन बोटं रुंद, एवढाच. खाली लिहिलं, "पट्टा इथे चुकला होता. तू नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कुणाला विचारून काम न केलेला माणूस.

"पाठवू का, वहिनी?"

सह्यांचे कागद तिथेच, माझ्या कोपराखाली होते. माझ्या डोळ्यांपुढे आले दारातले ते दोन साहेब.

"नको," मी म्हटलं. "पुसून टाका, भावजी."

त्यांनी पुसलं.