गोपीनाथरावांचा घरचा रेकॉर्डर

अन्नपूर्णा भागात गोपीनाथरावांकडे पाहुणा आला, की दारावरची घंटा त्यांनी घरी कशी बनवली ते आधी ऐकतो, मग त्याला पाणी मिळतं. सांवेर रोडच्या कारखान्यात जन्मभर पंप जुळवलेला हा माणूस. बाजारातून आयती वस्तू आणणं म्हणजे हार पत्करणं, असं त्यांचं मत. घरातला कूलरही त्यांचाच. हवा गार देतो, फक्त त्याच्यासमोर बोलायचं तर ओरडावं लागतं.

त्यांच्या पत्नी शैलजाबाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. यंदा भोपाळच्या टीव्ही केंद्रावरून त्यांना नाट्यगीतासाठी बोलावणं आलं. कार्यक्रम थेट होता, पुन्हा दाखवणार नव्हते. “टीव्हीवर मी कशी दिसते, ते मला एकदा बघायचंय,” त्या म्हणाल्या, आणि राजवाड्याजवळच्या दुकानातून रेकॉर्डर आणायला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या मंजुषाकडे तसा होताच.

गोपीनाथराव दुकानात गेलेही. दुकानदार म्हणाला, भिया, बटन दाबा, काम खतम. ह्यांना नेमकं तेच खटकलं. ज्यात माणसाला करायला काही उरत नाही, ती वस्तू कसली? हात हलवत परत आले आणि घरीच बनवतो म्हणाले. शैलजाबाईंनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

मग जुना कॉम्प्युटर, टीव्हीचं कार्ड आणि तारांचा गुंता बैठकीत पसरला. आधी चित्र आलं तर आवाज नाही, मग आवाज आला तर पडद्यावरची माणसं सगळी हिरवी. पण गडी हटला नाही. अखेर यंत्र ठरल्या वेळी आपोआप सुरू होऊन बातम्या टिपू लागलं, आणि गोपीनाथराव त्याच शिळ्या बातम्या पुन्हा पुन्हा कौतुकाने बघत बसले.

भोपाळला शैलजाबाई फार सुंदर गायल्या. स्टुडिओच्या काचेपलीकडून ऐकताना ह्यांचे डोळे भरून आले. परतीच्या बसमध्ये मात्र, देवासच्या अलीकडे, त्यांना एकदम आठवलं. निघताना गॅस बंद केला होता, नळ बंद केला होता आणि नेहमीच्या शिस्तीने मेन स्विचही बंद केला होता. म्हणजे रेकॉर्डर दिवसभर गारच. त्यांनी बायकोकडे वळून सांगून टाकलं.

“शैलजा, मी मेन स्विच बंद करून आलो. तुझं गाणं गेलं.”

शैलजाबाईंनी पर्समधली आवळासुपारी त्यांच्या हातावर ठेवली. “मंजुषाला कालच सांगून ठेवलंय. तिच्या रेकॉर्डरवर घेतलं असेल.”

गोपीनाथरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच चेहराही पडला. “म्हणजे माझ्या मशीनवर तुझा भरोसा नव्हता.”

“मशीनवर पूरा होता,” त्या म्हणाल्या. “घर सोडताना मेन स्विचवर जातो ना, त्या हातावर नव्हता.”

गोपीनाथराव हसायला लागले ते देवास येईपर्यंत. घरी पोचल्यावर दोघं थेट मंजुषाकडे गेली. शैलजाबाई पदर सावरून टीव्हीसमोर बसल्या, आणि दुकानच्या रेकॉर्डरचं बटन गोपीनाथरावांनी स्वतः दाबलं.