उजव्या खिशातलं बटण

“हात कुणाचा होता? बोर्डावर हात कुणाचा होता, तेवढं सांगा!” — मालक ओरडत होते, आणि दर शब्दाला त्यांच्या मिशीतून भुसा उडत होता. पांढरा झब्बा घालून पूजेला बसलेला माणूस मैद्याच्या पोत्यातून उपसून काढल्यासारखा दिसत होता. केसांत झेंडूच्या पाकळ्या, भुवयांवर कुंकू. शेजारी कंप्युटर कंपनीचे साहेब, टेबलांची ऑर्डर पक्की करायला आलेले, शिंकत होते — एकशे अकरा शिंका. बरं, अकरा. अकरा मात्र नक्की, मी मोजल्या. त्या घटकेला शिंका मोजण्याखेरीज मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

ही गोष्ट तुम्ही कदाचित माझ्याच तोंडून ऐकली असेल. मी ती लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, दहाव्याला सांगितली आहे, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना सांगितली आहे. एका आवृत्तीत मशीनमध्ये घूस शिरते, एकीत वीज पडते, एकीत खुद्द देवीच कोपते. लोक पोट धरून हसतात. खरी आवृत्ती मात्र मी कुणालाच ऐकवलेली नाही. बायकोलाही नाही. ती म्हणते, तुमच्या पोटात काही राहत नाही — राहिलं, बाई. इतकी वर्षं राहिलं. आणि तुम्ही, वाचणारे, हसायला म्हणून बसला असाल तर आत्ताच उठा.

हडपसरला आमचा फर्निचरचा कारखाना होता. मी फोरमन. कंप्युटर कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि प्रत्येकीला टेबलं हवी होती — आज नव्हे, काल हवी होती. सागाचे दिवस गेले, एमडीएफचे तक्ते आले. त्या तक्त्यांचा भुसा म्हणजे भुसा नव्हेच, पूड. नाकात, डब्यात, चहात. संध्याकाळी घरी जाऊन मी शर्ट झटकला की एक स्टूल सहज तयार झालं असतं. ती पूड ओढायला मालकांनी मोठं सक्शन मशीन आणलं. खाली ढोलाएवढी मोटर, वर माणसाएवढी कापडी पिशवी, आणि करवतीपर्यंत गेलेली जाड नळी — तिला आम्ही सोंड म्हणायचो. पण त्याचं बटण मागच्या भिंतीवर, चाळीस पावलांवर. दोन फळ्या कापायला चाळीस पावलं कोण जाणार? मशीन शोभेला उभं, आणि करवतीवरचा बाबू मिस्त्री खोकून खोकून दुमडलेला.

त्यावर उपाय काढला ओव्हाळने. ओव्हाळ आमचा वायरमन. आयटीआय केलेला, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, बोलणं मोजकं. त्याने स्वतःच्या डोक्याने एक डबा बनवला. करवत सुरू झाली की तिच्या वायरीतला करंट त्या डब्याला कळायचा, आणि सक्शन आपोआप सुरू व्हायचं. करवत थांबली की सोंडेत उरलेला भुसा ओढायला आणखी दहा सेकंद चालायचं, मग बंद. कुणी चालायला नको, कुणी लक्षात ठेवायला नको. पहिल्या दिवशी बाबू मिस्त्रीने उगाचच, नुसती मजा म्हणून, सोळा वेळा करवत चालू-बंद केली. मालक म्हणाले, नव्या शेडमध्ये बाराही मशीनना हेच बसवू, आणि ते सगळं ओव्हाळ बघेल.

आणि मी? मला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता. का? दुपारी डबे उघडले की तो कारखाना मालकांचा नसायचा, माझा असायचा. अख्खा सागाचा ओंडका मी एका हातावर कसा पेलला, करवतीच्या ठिणगीवर विडी कशी पेटवली — मी सांगायचो आणि पंधरा माणसं घास हातात धरून ऐकायची. ओव्हाळ कोपऱ्यात भाकरी मोडत असायचा. आणि शेवटी, वर न बघता, एकच वाक्य टाकायचा. “त्या दिवशी गुरुवार होता, फोरमन. लाईट नव्हती.” झालं. गोष्ट माझी, हशा त्याचा. असा माणूस तुम्हाला आवडला असता? खरं सांगा.

मग मी मालकांपुढे फेकायला लागलो. ऑटोमॅटिक आता जुनं झालं, मालक — आता रिमोट. जर्मनीत म्हणे अख्खे कारखाने खिशातून चालतात! हडपसरला बटण दाबलं तर मार्केट यार्डातला काटा हलेल, असा माल मागवलाय. माल बुधवार पेठेतून आणला होता, काड्यापेटीएवढा, आणि वीस फुटांपुढे मुका व्हायचा. एका रविवारी कारखाना बंद असताना मी त्याचा रिसीव्हर सक्शनच्या मोटरीजवळच्या स्टार्टरमागे गुपचूप जोडून टाकला. बेत असा, की खंडेनवमीला पूजा आटोपली की सगळ्यांदेखत, त्या साहेबांदेखत, मी हात वर करायचा — आणि चाळीस पावलांवरून नाही तरी वीस फुटांवरून — मशीन सुरू. चमत्कार! ओव्हाळचा डबा भंगारात.

खंडेनवमीला आमच्याकडे एकही मशीन चालवत नाहीत. पुसायची, तेल द्यायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. तो दिवस त्यांचा. ओव्हाळ बौद्ध. सहा वर्षं त्याने ती मशीनं आमच्याहून लख्ख पुसली, आणि आरती सुरू झाली की तो बाजूला बोर्डापाशी जाऊन उभा राहायचा, हात पाठीशी. एकदा मालकांनी विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही पूजा करा, मी करंट बघतो.” मालकही हसले होते. मग सगळ्यांबरोबर तोही पेढा घ्यायचा. सहा वर्षं त्यात कुणाला काही वाटलं नाही. हे लक्षात ठेवा — काही म्हणजे काही वाटलं नाही.

त्या सकाळी त्याने मला विचारलंही होतं. “मेन स्विच पाडून ठेवू का? चालवायचं तर काहीच नाही.” मी म्हटलं, “राहू दे, लायटिंगची माळ विझेल.” माळ! माळेची मला काय पडली होती? मेन पडला असता तर माझा चमत्कार पडला असता.

आरती झाली. ताटात कापूर जळत होता. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन, मोठ्या भक्तीने, करवतीपुढे लोटांगण घातलं — पोट तेव्हाही हे असंच होतं — आणि उजव्या खिशातलं बटण मांडीखाली दाबलं गेलं.

मशीन जे डरकाळलं! सोंड पुसायला सोडवून पूजेच्या पाटाशेजारीच ठेवली होती. तिने आधी हार गिळला, मग अक्षता, मग अख्खी कुंकवाची वाटी. पिशवी सकाळीच रिकामी करून ढिली बांधलेली. ती फटकन सुटली, आणि कानाकोपऱ्यात साचलेली सगळी पूड आमच्या डोक्यावर. ताट लवंडलं. कापराची पेटती वडी सोंडेच्या तोंडाकडे घरंगळत निघाली. ती आत गेली असती तर त्या पुडीने भडका घेतला असता आणि आज ही गोष्ट सांगायला मी नसतो. यातला एक शब्दही फुगवलेला नाही. ओव्हाळने झेप घेतली आणि मेन पाडला.

धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांना काय दिसलं असेल? बोर्डाच्या दांड्यावर ओव्हाळचा हात.

म्हणून मालक ओरडत होते. ओव्हाळ म्हणाला, “हात माझा. मेन पाडायला.” — “आणि सुरू कुणी केलं?” ओव्हाळने आपल्या डब्याकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर आईच्या शपथा घेतल्या असत्या. हा म्हणाला, “करवत बंद असताना ते सुरू व्हायला नको होतं. सर्किटमध्ये काही चुकलं असेल. मला उघडून बघू द्या.”

मालक निवळायला लागले होते. मी बघत होतो ना. चुकलं असेल, दोन शिव्या, साहेबांना पाण्याचा ग्लास, आणि दसऱ्यानंतर दुरुस्ती. मी तेव्हा गप्प राहिलो असतो तरी सगळं तिथेच मिटलं असतं. तो भ्याडपणा झाला असता, कबूल. पण नुसता भ्याडपणाच असता तर मी ही पानं लिहायला बसलो असतो का?

मी बोललो. एकदा बोलायला लागलो की तासभर न थांबणारा मी — एकच वाक्य बोललो. त्याच्याच पद्धतीने. वर न बघता.

“पूजेला ज्याचे हात जुळत नाहीत, मालक, त्याच्या हातांना हे असंच सुचायचं.”

पंधरा माणसांचे चेहरे एकदम बदलताना तुम्ही कधी बघितलेत? सहा वर्षं ज्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांना वाटायला लागलं. मुद्दाम केलं. देवाची टिंगल केली. ज्याच्या छातीसाठी तो डबा झाला होता, तो बाबू मिस्त्रीसुद्धा दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिला. मालकांनी आणखी काही विचारलंच नाही. नुसतं दाराकडे बोट केलं. ओव्हाळने माझ्याकडे बघितलं — मीटरचा आकडा बघतात तसं. मग त्याने चार स्क्रू काढले, डबा भिंतीवरून उतरवला आणि काखेत मारून निघाला. दारात पेढ्यांचं ताट होतं. ते त्याच्यापुढे कुणी केलं नाही.

रिसीव्हर मी दुपारीच काढून कालव्यात फेकला. नव्या शेडमध्ये ऑटोमॅटिकही बसलं नाही आणि रिमोटही बसला नाही. भिंतीवरचं बटण राहिलं, चाळीस पावलांवर. कुणी गेलं नाही. मी फोरमन होतो, मीही कुणाला पाठवलं नाही. बाबू मिस्त्रीला दोन वर्षांत जिना चढवेनासा झाला. त्याच्या खोकल्यावरही मी एक विनोदी गोष्ट रचली आहे. छान रंगते.

पुढे त्या जागेवर काचेची इमारत आली. ओव्हाळ कुठे असतो ते मला नेहमीच माहीत होतं. सासवड रस्त्याला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जाणारे सांगायचे — पंखा करून देतो, पंप करून देतो, पण टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असं काही बसवून द्या म्हटलं की सरळ नाही म्हणतो. “आपोआपचं काम मी करत नाही. एकदा केलं होतं, चुकलं.” एक जुना डबा म्हणे फळीवर उघडा ठेवलाय, रिकामा असला की घेऊन बसतो, तपासत. हे कानावर आल्यानंतर तिथवर जायला मला सात वर्षं लागली. सातच. यात फुगवण्यासारखं काही नाही.

गेल्या महिन्यात गेलो. तो मोटरीला तांब्याची तार गुंडाळत होता. केस पिकलेले, टेस्टर तिथेच, खिशात. “ओव्हाळ, अहो, मी जगताप,” मी म्हटलं. “दिसलं,” तो म्हणाला. बाकावर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं — बुधवार पेठ, उजवा खिसा, मेन का पाडू दिला नाही ते, लोटांगण. आणि मग ते वाक्य, अक्षर न अक्षर, जसंच्या तसं. माफीचा शब्द काढला नाही. काढला असता तर त्याला त्यावर काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि तेही काम मी त्याच्या गळ्यात घालणार होतो का?

तो वेढे मोजत होता. शेवटचा वेढा झाला, त्याने तार तोडली. मग उठून फळीवरचा डबा खाली घेतला, त्यावर एक फुंकर मारली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

“म्हणजे सर्किट बरोबर होतं,” तो म्हणाला.