जिथं ऊन लागत नाही

अंगावर चट्टा उठला की तुम्ही आधी कुठे जाता, डॉक्टरकडे की औषधाच्या दुकानात? खरं सांगा.

इस्लामपूरला आमच्या गल्लीत त्वचेच्या एक डॉक्टरबाई होत्या. पेशंट आला की ट्यूबलाइट बंद करायच्या, खिडकी सताड उघडायच्या आणि म्हणायच्या, "जिथं ऊन लागत नाही, तिथलं दाखवा." भल्याभल्यांची पंचाईत व्हायची.

माझा मामा आटपाडीकडचा मेंढपाळ. कमरेखाली फिकट चट्टे. नायटा समजून दुकानदार देईल ते मलम कित्येक महिने चोळत होता. शेवटी मी त्याला ओढत बाईंकडे नेलं.

"आवं बाई, धोतर कशाला? पाठ बघा की, उघडीच हाय."

"पाठीला ऊन लागतं, मामा. तुमचा रोग लाजाळू आहे, तुमच्यासारखाच."

बाईंनी चट्ट्यावर कापूस फिरवला. स्पर्श कळत होता, म्हणजे कुष्ठरोगाची शक्यता कमी. त्या म्हणाल्या, "मलम पूर्ण बंद. पुढच्या खेपेला कातडीचा तुकडा काढून तपासू."

तपासणीत 'साधा इसब' आलं. आम्ही पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढ्याला हात लावला नाही.

"कागदाला जेवढं दाखवलं, तेवढंच तो सांगतो. मलम बंद होतं ना?"

"बंदच की. तुमच्याकडं यायच्या आदी तेवढं चार-आठ दिस लावलं. डॉक्टरकडं यायचं म्हंजी जरा नीटनेटकं नको व्हय?"

"मी काय सोयरीक बघायला बसलेय? रोगाला नटवून आणता? मलमानं तो दबतो, मग तुकड्यात दिसत नाही."

रागावल्या आणि मग स्वतःच हसू लागल्या. पुन्हा मलम बंद, पुन्हा तुकडा. या वेळी खरं ते दिसलं: त्वचेतच मुक्काम ठोकणारा, पांढऱ्या पेशींचा कर्करोग. लिम्फोमा, आणि तोही फिकट चट्ट्यांच्या वेशात येणारा दुर्मीळ प्रकार. वेळेत सापडला. सांगलीला खास दिव्यांखाली उजेडाचे उपचार झाले. ऊन चुकवणारा रोग शेवटी उजेडानंच हटला. मामा आज मेंढरांमागे आहे.

चिठ्ठीशिवाय वाटेल ते मलम विकणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. बाई त्यांच्याशी रोज भांडायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. खिडकी आता बंद असते. मामा गावात आला की तिच्यासमोर क्षणभर थांबतो, टोपी काढतो.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ती मलमाची ट्यूब अंगाला लावून नको, खिशात घालून न्या. आणि खिडकी उघडायला सांगा.